पाहुण्याची मान

स्टोयान दिमित्रोव्हने कुलपात नाणं सरकवलं. टक्क असा गोड आवाज झाला, साखळी सुटली, आणि त्याने मान सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवली.

चिखलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. रोहिदास नेवाळेने नवाकोरा, इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट घातला होता. तो शर्ट आतल्या माणसासकट चुरगळल्यासारखा दिसायला लागला.

रोहिदास गेली कित्येक वर्षं चाकणच्या एका मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला माल देत होता. त्याने केलेली क्लिप नेमकी कुठल्या गाडीत, कुठे बसते, हे त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. हे कुलूप मात्र त्याचं स्वतःचं होतं. परदेशात मोठ्या दुकानांतल्या ढकलगाड्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या असतात. नाणं घातलं की गाडी सुटते, परत आणून लावली की नाणं परत मिळतं. बल्गेरियातल्या अशा हजारो गाड्यांची कुलपं आता बदलायची होती, कारण त्या देशाने आपलं लेव्ह हे चलन सोडून येत्या जानेवारीपासून युरो घ्यायचं ठरवलं होतं. युरोचं नाणं लेव्हपेक्षा किंचित लहान. जुन्या कुलपात ते नुसतंच खडखडणार, गाडी काही सुटणार नाही. ही बातमी रोहिदासकडे क्वालिटी बघणाऱ्या मिनल ओव्हाळने वाचली, मेल तिने पाठवले आणि पाहुणा थेट चिखलीत येऊन उभा राहिला.

त्यात रोहिदासच्या मेव्हण्याने, शेखरने, पाहुणा यायच्या आधीच चौकात फ्लेक्स लावला होता. 'युरोपच्या बाजारात चिखलीचा डंका!' एका बाजूला गॉगल घातलेला रोहिदास, दुसऱ्या बाजूला इंटरनेटवरून काढलेला स्टोयानचा गंभीर फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. म्हणजे ऑर्डर गेली, तर ती गेल्याचं सगळ्या चिखलीला कळणार होतं.

मिनलने धीर करून विचारलं, "एनी प्रॉब्लेम, सर?"

स्टोयान हा जाड मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. इंग्रजी त्याला येत होतं, पण ते तो सणासुदीच्या भांड्यासारखं जपून वापरायचा. त्याने मान खाली-वर केली.

"बघा, प्रॉब्लेम आहे," मिनल हळूच म्हणाली. "स्प्रिंग, सर?"

मान पुन्हा खाली-वर झाली.

"स्लॉट? खाच?"

खाली-वर. या खेपेला जरा जास्तच जोरात.

"निदान कलर? कलर ओके?"

आता मान आडवी हलली. अगदी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

रोहिदास मिनलच्या कानाशी आला. "म्हणजे स्प्रिंग वाईट, खाच वाईट, रंग वाईट. राहिलं काय आता?"

"साखळीचं विचारू?"

"नको. एवढी साखळी तरी राहू दे आपल्या नावावर."

पाहुण्याला रिकाम्या पोटी नाराज ठेवण्यापेक्षा भरल्या पोटी नाराज ठेवलेलं बरं, असा विचार करून रोहिदास त्याला घरी जेवायला घेऊन गेला. घर शेडच्या मागेच होतं. रोहिदासच्या बायकोने, साधनाने, सकाळपासून खपून मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी आणि इंद्रायणीचा भात केला होता. रोहिदासचे वडील नानासाहेब पाहुण्याच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पाहुणा अर्धपोटी उठल्याची नोंद नव्हती.

पहिली भाकरी संपली. साधनाने दुसरी पुढे केली आणि भुवया उंचावून विचारलं, "वाढू?"

स्टोयानने मान खाली-वर केली. साधनाने भाकरी वाढली. तो भाकरीकडे पाहत राहिला, मग साधनाकडे, मग निमूटपणे खाऊ लागला. रस्सा आला. मान खाली-वर. वाटी भरली. भात आला. मान खाली-वर, आणि वर हातही हलला.

"दोन्ही हातांनी मागतोय," नानासाहेब खूश झाले. "येवढा येवढा काय वाढतीस? माणूस केवढा, डाव केवढा!"

रोहिदास हे सगळं खिन्नपणे पाहत होता. माल नाकारणारा हा माणूस जेवायला मात्र एकदाही नाही म्हणत नव्हता.

"कामात खडूस असंल," नानासाहेब म्हणाले, "पर पंगतीला गडी सोन्यासारखा हाय."

स्टोयानच्या कपाळावर घाम जमला. मिशीची टोकं रश्शात भिजून खाली आली. साधना पुन्हा पातेलं घेऊन येताना दिसली, तशी त्याची इंग्रजी भाषा संपली आणि तो घाईघाईने आपल्या मातृभाषेत ओरडला, "ने! ने, ने, ने!"

क्षणभर सगळे चकित झाले.

"आरं, मराठी बोलाया लागला की पावना!" नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ने म्हनतोय. घरी न्यायाला मागतोय. साधना, डबा भर त्येला."

साधनाने ताट पुन्हा भरलं आणि वर चार पुडाचा डबाही भरला. स्टोयान कसाबसा उठला, ओट्यावरच्या नानासाहेबांच्या खाटेपर्यंत पोचला आणि तिथे आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत हललाच नाही. नानासाहेब शेजारी बसून त्याच्यावरच्या माशा हाकलत राहिले.

इकडे शेडमध्ये धावपळ उडाली. डायचं, म्हणजे साच्यांचं, काम बघणारा जयसिंग कानाला पेन्सिल खोचून उभा होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "स्प्रिंग मऊ करू, खाच घासून सैल करू, रंग तांबडा मारू. मग तरी खूश होईल का बाबा?"

"काही सांगता येत नाही," रोहिदास म्हणाला. "चेहऱ्यावरून तर कळतच नाही. सकाळी आला तेव्हापासून सुतकात असल्यासारखा बसलाय."

ऊन उतरेपर्यंत दुसरं कुलूप तयार झालं. रंग ओलाच होता. स्टोयान डोळे चोळत आला, त्याने नाणं घातलं, साखळी सुटली. आपल्याला आणखी एक नमुना का दाखवतायत, असा त्याला प्रश्न पडलेला दिसला. पण त्याने कुलूप निरखून पाहिलं, डावा हात छातीवर ठेवला आणि मान आडवी हलवली. बराच वेळ हलवली.

"छातीवर हात ठेवून नाही म्हणतोय राव," रोहिदास पुटपुटला.

"मनापासून नाही म्हणतोय," जयसिंग म्हणाला.

रिक्षा करून पाहुण्याला चिंचवडच्या हॉटेलवर पाठवलं. डबा त्याच्या मांडीवर होता. मिनल पिंपरीच्या बसमध्ये बसली आणि आपण त्या माणसाच्या देशाबद्दल काहीच वाचलं नाही याची तिला लाज वाटली. चलन वाचलं, नाण्याची मापं वाचली, माणूस राहूनच गेला. तिने फोन काढला. बस सिग्नलला थांबलेली असताना ती एकदम सीटवरून उठली आणि किंचाळली, "आई शप्पथ!"

"काय झालं ताई? स्टॉप गेला का?" कंडक्टरने विचारलं.

"स्टॉप नाही ओ. हो म्हणाला तो! सकाळपासून हो म्हणतोय!"

कंडक्टरने अभिनंदन केलं. बसमधल्या दोन बायकांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. मिनलने त्यांचा गैरसमज दूर करत न बसता रोहिदासला फोन लावला.

"सर, त्यांच्याकडे उलटं असतं! मान आडवी म्हणजे हो, खाली-वर म्हणजे नाही. दोन्ही कुलपं पास आहेत आपली!"

रोहिदासने फोन कानाला तसाच धरून घरभर एक फेरी मारली. मग त्याने साधनाला आणि नानांना सगळं सांगितलं. साधनाला आनंद झाला, पण लगेच तिचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे जेवताना..."

"जेवताना नको म्हणत होता."

"सगळंच?"

"पहिल्या भाकरीनंतरचं सगळंच. आणि मिनल म्हणाली, ते 'ने' म्हणजे त्यांच्या भाषेत 'नाही'."

"अगं बाई! आणि मी वर डबा दिला हो त्यांना!"

नानासाहेबांनी बोटांवर भाकरी मोजल्या. मग म्हणाले, "न्हाई म्हनत व्हता तरी येवढा जेवला. व्हय म्हनला असता तर काय झालं असतं?"

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण त्याच सुमारास चिंचवडच्या हॉटेलात स्टोयान पोटावर हात ठेवून बायकोशी फोनवर बोलत होता. माणसं फार चांगली आहेत, पण माल उत्तम आहे म्हटलं की रडवेली होतात आणि जेवण पुरे म्हटलं की आणखी वाढतात, असं त्याने सांगितलं. बायको शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, "अरे देवा! तू मान आपल्यासारखी हलवतोयस होय? जगात सगळीकडे उलटं असतं. उद्या त्यांच्यासारखी हलव, नाहीतर जिवंत परत येणार नाहीस." स्टोयानने मग आरशासमोर उभं राहून सराव केला. 'हो' म्हणताना मान खाली-वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला तो हसतमुखाने. रोहिदासही हसतमुखाने उभा होता. मिनल तेव्हा आतल्या बाजूला जयसिंगबरोबर नमुन्यांची खोकी भरत होती.

"मी बोलवू का तिला?" नानासाहेबांनी विचारलं. काल पाहुण्याची फजिती केल्याबद्दल माफी मागायला म्हणून ते मुद्दाम आले होते.

"काही नको नाना. आता आपल्याला त्यांची भाषा कळलीय," रोहिदास म्हणाला आणि पाहुण्याकडे वळला. "सर, ऑर्डर फायनल?"

स्टोयानने आरशासमोर केली होती तशी मान खाली-वर केली.

रोहिदासचं हसू मावळलं. खाली-वर म्हणजे नाही! काल छातीवर हात ठेवून हो म्हणणारा माणूस रात्रीतून फिरला होता. नक्कीच कोणीतरी स्वस्तात देतो म्हणून सांगितलं असणार. तो घाईने म्हणाला, "सर, पॅकिंग फ्री! आमच्याकडून!"

स्टोयानला आश्चर्य वाटलं. त्याने आणखी आनंदाने मान खाली-वर केली.

"अजून नाहीच म्हणतोय," रोहिदास नानांना म्हणाला. "सर, एक्स्ट्रा स्प्रिंग! प्रत्येक कुलपाला एक! फ्री!"

मान खाली-वर.

"न्हावाशेवापर्यंत ट्रान्सपोर्ट आमचं!"

खाली-वर. स्टोयानचे डोळे मोठे झाले होते. आपण हो म्हणत जावं आणि समोरच्याने देत जावं, हा व्यापार त्याने आजवर पाहिला नव्हता.

"दोन वर्षं गॅरंटी!"

खाली-वर.

"पाच वर्षं! पाच, सर!" रोहिदासने पंजा दाखवला. त्याचा आवाज चिरकला होता.

स्टोयानने मान इतक्या जोरात डोलावली की मिशा हलल्या.

"रोहिदास," नानासाहेब म्हणाले, "आता वावर तेवढं ऱ्हायलंय बघ. ते बी लिहून दे, म्हंजी त्येचं समाधान व्हईल."

आवाज ऐकून मिनल बाहेर आली. रोहिदासने घाम पुसत तिला सांगितलं, "काही केल्या हो म्हणत नाहीये! सगळं देऊन झालं. आता फक्त तू राहिलीस आणि जयसिंग."

मिनलने पाहुण्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं तिला कळलं. "सर, थांबा जरा," ती म्हणाली. "मोजण्याआधी मीटर बरोबर आहे का ते बघू." आणि तिने पाहुण्याला इंग्रजीत विचारलं, "सर, तुमचं नाव स्टोयान ना?"

स्टोयान गोंधळला, पण त्याने मान खाली-वर केली.

"आणि आपण आत्ता जर्मनीत आहोत ना?"

मान आडवी हलली. ही बाई बरी आहे ना, अशा नजरेने त्याने रोहिदासकडे पाहिलं.

"सर," मिनल म्हणाली, "आज ते आपल्यासारखी मान हलवतायत. पहिल्याच प्रश्नाला हो म्हणालेत."

रोहिदास जवळच्या खोक्यावर बसला. खोकं नमुन्यांचं होतं, ते खाली दबलं, पण त्याला ते कळलं नाही. "म्हणजे पॅकिंग, स्प्रिंग, ट्रान्सपोर्ट, पाच वर्षं..."

"ते सगळं ऑर्डर मिळाल्यानंतर दिलंय तुम्ही."

मिनलने मग पाहुण्याला कालपासूनचं सगळं समजावून सांगितलं. स्टोयान ऐकत गेला, त्याच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि मग तो जो हसत सुटला तो टेबल धरून खाली वाकेपर्यंत. जयसिंग पाणी घेऊन धावला.

हसू आवरल्यावर त्याची जीभ मोकळी झाली. काल आपण इतके गप्प का होतो, तेही त्याने सांगितलं. त्याच्या देशात माणूस वारला की त्याचा फोटो छापून रस्त्यावरच्या खांबांवर आणि भिंतींवर लावतात. चिखलीच्या चौकात वळताच स्वतःचा एवढा मोठा फोटो पाहून त्याच्या काळजाचा ठोका चुकला होता. खालची माणसं शोक व्यक्त करणारी असावीत असं त्याला वाटलं होतं.

"ते शुभेच्छुक आहेत हो!" रोहिदास कळवळून म्हणाला.

"पर एक इचार त्येला," नानासाहेब मिनलला म्हणाले. "चांगलं चाललेलं नाणं बदलत्यात कशाला?"

मिनलने विचारलं. स्टोयान खुर्ची ओढून नानांच्या समोर बसला. लहानपणी त्यांच्याकडे सगळी दुकानं सरकारी होती, तो सांगत होता. दुकानात ढकलगाड्या नव्हत्या, कारण गाडीत टाकण्याएवढा माल नव्हता, फक्त रांग होती. पुढे ते राज्य गेलं, आणि काही वर्षांनी महागाई अशी भडकली की त्याच्या आईच्या महिन्याच्या पगारात धड किराणाही येईना. मग नोटांवरची तीन शून्यं काढली. आता युरो. सगळे म्हणतात बरं होईल, व्यापार सोपा होईल. त्यालाही तसंच वाटतं. पण आई ऐंशीच्या घरातली. ती रोज फोन करून विचारते, दोन चलनांच्या मधला चिल्लर पैसा कोणाच्या खिशात जाणार?

"ब्येस इचारती म्हातारी!" नानासाहेब ताठ बसले. "आमी पोरं व्हतो तवा आणे जाऊन नवं पैसं आलं. माझी आई, अंबुबाई, पिंपरीला दूध घालायची. येक आण्याचं सहा पैसं धरायचं, आन चार आण्याचं पंचवीस. आता चार सक चोवीस. मंग येक-येक आणा चार बारी घेतला तर येक पैसा जातो कुटं? ती दर गिऱ्हाइकाशी भांडायची. म्हनायची, माजा पैसा दे, मग दूध घे."

मिनलने भाषांतर केलं. स्टोयानने दोन्ही हात जोडल्यासारखे केले. "ही माझीच आई," तो म्हणाला. "मग पुढे काय झालं?"

"व्हनार काय? पैसं बी गेलं, चिल्लर बी गेली. पर मी अजून चार आणे, बारा आणेच म्हनतो. आईला सांग, नाणं बदलतं, तोंडातलं न्हाई बदलत."

स्टोयानने ते वाक्य मिनलकडून दोनदा ऐकून घेतलं. मग काहीतरी आठवल्यासारखा तो उठला, खिशातून आपलं जुनं लेव्हचं नाणं काढलं आणि तांबड्या कुलपात घातलं. जयसिंगने घासून सैल केलेल्या खाचेत ते अलगद बसलं आणि साखळी सुटली. मग युरो घातलं. तरीही सुटली. जानेवारीचा महिनाभर लोकांच्या खिशात दोन्ही नाणी असणार होती, आणि त्यासाठी काय करायचं याचं उत्तर त्याला अजून कोणीच दिलं नव्हतं.

"हे कुलूप," तो म्हणाला. "सगळीच्या सगळी ऑर्डर या कुलपाची."

"ते चुकून झालंय," रोहिदासच्या तोंडातून निघून गेलं. मिनलने त्याच्या पायावर पाय दिला. सुदैवाने तो मराठीत बोलला होता.

मग स्टोयानने सौदा मांडला. ट्रान्सपोर्ट आणि पाच वर्षांची गॅरंटी आपण ऐकलीच नाही असं समजायचं. पॅकिंग आणि स्प्रिंग राहू द्यावी. आणि त्या बदल्यात दुपारचं जेवण घरीच, पण पुरे म्हटल्यावर पुरे. रोहिदासने हात पुढे केला. मान हलवण्याची हिंमत त्या शेडमध्ये आता कोणातच उरली नव्हती.

साधनाने धसका घेतला होता. तिने साधं पिठलं, भाकरी आणि ठेचा केला, आणि पाहुण्याच्या ताटात एकच भाकरी, एकच डाव पिठलं वाढून ती लांब जाऊन उभी राहिली. स्टोयानने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याची भाकरी बघता बघता संपली. त्याने साधनाकडे पाहून मान खाली-वर केली. साधना जागची हलली नाही. त्याने मान आडवी हलवली. साधनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मिनलकडे पाहिलं.

"पुरे म्हणतायत का?" साधनाने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही. तू वाढू नकोस. सौदा झालाय आपला."

"आन पावना उपाशी ऱ्हायला म्हंजी?" नानासाहेब कळवळले, पण त्यांनीही हात आवरला.

स्टोयानने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उठला, स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि पिठल्याचं पातेलं उचलून घेऊन आला. आपल्या ताटात त्याने भरपूर वाढून घेतलं. नानासाहेबांना वाढलं. मिनलला वाढलं. मग डाव घेऊन तो रोहिदाससमोर वाकला. रोहिदासचं पोट काळजीनेच भरलेलं होतं. त्याने ताटावर आडवा हात धरला आणि नको, नको म्हणत मान जोरजोरात डावीकडे-उजवीकडे हलवली.

मिशीतल्या मिशीत हसत स्टोयानने त्याचा हात हळूच बाजूला केला, आणि ताट काठोकाठ भरेपर्यंत तो वाढतच राहिला.